झोळीत उतरवलेलं लोखंड

आमच्या घरात कानाला फार मान होता. दुसऱ्यांचे वडील पोरांचे पाढे घेत, माझे वडील माझे कान तपासत. जेवताना लांबून गाडीचा आवाज आला की बाबांचा घास हातातच थांबायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. "कोण?" मी म्हणायची, "मुरबाडची एसटी." "रिकामी का भरलेली?" मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून ऐकायची. "भरलेली." मग ते समाधानानं घास गिळायचे, आणि आई चुलीपुढून करवादायची, "गाडी भरलेली हाय, पोरीचं पोट रिकामं हाय, त्याचं काय?" आईची सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी मी अशी निम्मी कानानंच खाल्ली आहे. बाबांना मुलगा नव्हता आणि त्यांनी त्याचं कधी दुःखही केलं नाही. मी होते. ताईला तेलाच्या वासानं मळमळायचं, मला मात्र तो वास अजूनही घरचा वाटतो. शेजारणी म्हणायच्या, हिच्या लग्नात रुखवतावर लाडवांऐवजी नटबोल्टचे पाने मांडायला लागणार. मांडले असते तरी मला चाललं असतं.

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. बाबांची जीप लष्करानं काढून टाकलेली, बहुतेक माझ्याहून वयानं मोठी. डांबरी संपून जिथं नुसती खडी आणि ओढे सुरू होत, तिथून वरच्या पाड्यांपर्यंत जाणारी ती एकच गाडी, कारण तिची चारही चाकं ओढायची. गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या होत्या. एकीनं पुढची चाकं जोडली जात, दुसरीनं गाडी लो गिअरला पडे. बाबा त्याला लो म्हणत नसत, जोर म्हणत. "सुमे, जोर टाक." मी शेजारी बसून दांडी मागं ओढायची आणि गाडीचा आवाज बदलायचा, इंजिनापेक्षा खालून, आपल्या पायाखालून एक लांबच लांब हुंकार सुरू व्हायचा. तो आवाज गिअरबॉक्सच्या मागं चिकटलेल्या एका लोखंडी डब्यातून येई. मुरबाडचे मेकॅनिक त्याला ट्रान्सफर म्हणत. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणं हे त्याचं काम. लहानपणी मला वाटायचं, गाडीचा जीव असेल तर तो तिथंच असणार.

त्या वर्षी भाद्रपदात वरच्या पाड्यावरची सोमी बाळंतपणाला अडली. तिचा नवरा गोमा आणि त्याचा भाऊ तिला झोळीतून ओढ्यापर्यंत घेऊन आले. झोळी म्हणजे एक मजबूत बांबू, त्याला लुगडं बांधायचं, आत माणूस निजवायचं आणि दोघांनी खांदा द्यायचा. आमच्याकडे आजारी माणूस डोंगर असाच उतरतो, अजूनही काही ठिकाणी असाच उतरतो. ओढ्याशी बाबा जीप घेऊन उभे होते. बांबू काढला, लुगड्यासकट सोमीला मागं ठेवलं, तिची सासू तिच्याजवळ बसली. गोमाचा पाय दगडात मुरगळला होता, तरी गाडीवर ओझं नको म्हणून तो भावाबरोबर मागून चालत येतो म्हणाला. भर दुपार होती, पण पावसानं सगळं काळवंडलेलं. बाबांनी जोर टाकला आणि ती सहा-सात मैलांची उतरण सुरू झाली. सोमी कण्हत होती आणि गाडी हुंकारत होती. सासू बिचारी ठार बहिरी, पोरीचा हात धरून डोळे मिटून देवाचं नाव घेत बसलेली. बाबा मागं न बघता सोमीशी बोलत होते, "सोमे, हा ओढा गेला. सोमे, आता धसईचा फाटा येईल. आलं मुरबाड, सोमे, आलंच." दवाखान्यात उतरवलं तेव्हा ती थंड पडली होती. पोटातलंही गेलं होतं. बाबांनी हे सगळं आईला सांगितलं तेव्हा मी दाराआड होते. ते म्हणाले, "ती कधी थांबली ते मला समजलंच नाय गो. गाडीचा आवाज आन् तिचा आवाज येकच झालेला. मी कोणाशी बोलत व्हतो?"

त्यानंतर बाबांनी जोराला हात लावला नाही. एकदा लावला होता. वाळूच्या एका खेपेला, ओढ्यात. मी शेजारी होते. दांडी पडली, हुंकार सुरू झाला आणि बाबांचा चेहरा असा पांढरा पडला की मीच चावी फिरवून गाडी बंद केली. "ऐकलंस?" ते म्हणाले. मी ऐकलं होतं ते रोजचंच होतं, लोखंडाचं. मी मान हलवली, होय की नाही ते मलाच ठरवता आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही आखूड दांड्या सुतळीनं करकचून बांधल्या आणि जीप खळ्यात, पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी केली. ती तिथंच राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या. बाबा ओट्यावर बसत ते तिच्याकडे पाठ करून.

आमची ताई त्याच वरच्या अंगाला दिली होती, सोमीच्या पाड्याच्या थोडी अलीकडं. ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे सांगायला लागत नाही, आणि सातव्या महिन्यात बापानं जाऊन लेकीला आणायचं, हेही नाही. सातवा लागला. बाबा म्हणाले, भात कापून होऊ दे. भात कापून झालं, म्हणाले, झोडणी होऊ दे. टोलवाटोलवीत महिना गेला आणि आठवा लागला. आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत, त्यामुळं बाबांना महिनाभर आयतंच निमित्त मिळालं. आई नुसती भांडी जरा जोरात आपटू लागली. मला मात्र बाबांचा संताप यायचा. आता ह्या वयात मी त्यांची बाजू समजू शकते, पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझी बहीण डोंगरावर आहे आणि माझा बाप एका दांडीला भितो.

नववा लागला त्या आठवड्यात गोमा खाली आला. सोमी गेल्यापासून तो आमच्या दारात प्रथमच येत होता. बाबा त्याला बघून उठून आत जाऊ लागले, पण त्यानं हाक मारली. "दादा, तुमच्या पोरीचं पाय सुजल्यात. त्वांड पन सुजलंय. डोकं दुखतंय म्हंती. आमी झोळी करून आनतो म्हनलं, तर झोळीत बसायला तयार नाय. सोमीला बघितलंय ना तिनं. बा येईल तवाच येईन, म्हंती." आईनं पदर तोंडाला लावला. बाबा ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले आणि फार हळू म्हणाले, "गाडी रडते माझी, गोमा. ती गाडी घेऊन मी माझ्या पोरीला आनू?" तेव्हा मी बोलले. मी म्हणाले, लोखंड रडत नाही. आतलं बेअरिंग गेलं असेल. मी ट्रान्सफर खाली उतरवते, उघडते, आणि जे रडतंय ते तुमच्या हातात आणून देते. मग तरी जाल? बाबा माझ्याकडं वळले. "जाईन," म्हणाले. हा एक शब्द मी त्यांच्याकडून घेतला आणि लगेच कामाला लागले, न जाणो, फिरवतील म्हणून.

दुपारचं ऊन होतं, वारा बिलकूल नव्हता. मी कोंबड्या हाकलल्या आणि पाने मांडले. बाबा ओट्यावर, जीपकडे पाठ करून, पुढ्यात भिजवून मोड आणलेल्या वालांचं टोपलं घेऊन सोलत बसले. त्यांनी सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण कानांना कोण गप्प बसवणार. "आधी चाकांना दगड लाव," पाठमोरेच म्हणाले. "ट्रान्सफर सुटला की गिअर पन गाडी धरनार नाय आन् हँडब्रेक पन नाय." मी दगड लावले. गाडीच्या तळातला पत्रा उचकटला, तेल घमेल्यात सोडलं, ते काळंकुट्ट आणि दाट उतरलं. मग खाली शिरून पुढचा आणि मागचा शाफ्ट सोडवला, हँडब्रेकची तार काढली, दांड्यांची सुतळी कापली. प्रत्येक बोल्ट सुटताना जो कुरकुर आवाज करी त्यावरून बाबांना कुठला ते कळायचं. "तो नाय, त्याच्या खालचा आधी." वाल सोलल्याचा पचपच आवाज आणि मध्येच त्यांचं असं एखादं वाक्य, एवढंच. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला आठवतं, मी गाडीखाली उताणी पडले होते, तो लोखंडी डबा माझ्या तोंडावर वीतभर अंतरावर होता, आणि मला एकदम वाटलं की आपण मोठ्यानं श्वास घेऊ नये.

शेवटचे बोल्ट काढण्याआधी त्याला आधार द्यायला हवा होता. माणसाएवढं नाही, पण चांगलं पोत्याएवढं वजन असतं ते. जॅक एकच, तो गिअरबॉक्सखाली गुंतलेला. गोमा वाकून बघत होता. "झोळी कर," तो म्हणाला. त्याला दुसरं काय सुचणार, आणि खरं सांगायचं तर तेच बरोबर होतं. पत्रा काढलेल्या भोकावर आडवा बांबू टाकायचा, त्यावरून लुगडं खाली सोडून डब्याला कवेत घ्यायचं आणि वरून दोघांनी हळूहळू सोडत न्यायचं. आईला म्हटलं, मजबूत लुगडं दे एखादं. ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात हिरवं, किनार विटलेलं, धुऊन घडी घातलेलं लुगडं होतं. ते आमच्या घरातलं नव्हतं. गोमानं घेतलं, किनारीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्ये तिचंच." गाडीत राहिलेलं, आईनं धुऊन ठेवलेलं, पण परत कुणी न्यायला आलं नव्हतं आणि आमची कुणाची नेऊन द्यायची हिंमत नव्हती. मी म्हणाले, दुसरं बघू या. गोमानं मान हलवली. "घट हाय ह्ये. सोडनार नाय."

मी खाली, गोमा आणि आई वर. शेवटचा बोल्ट सुटला. डबा मागं सरकला, लुगड्यात बसला आणि लुगडं गच्च ताणलं. लोखंड झोळीत बसलं की त्याचा आकार राहत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. वाकलेल्या पाठीसारखा फुगवटा दिसत होता, दुसरं काहीच नाही. आई वरून हळू आवाजात म्हणाली, "डोक्याकडची बाजू वर ठेव, गोमा." सवयीनं निघून गेलं तिच्या तोंडून, झोळी उतरवताना म्हणतातच तसं. कुणी हसलं नाही. ओट्यावर वाल सोलणं थांबलं होतं. ते दोघं वीत वीत लुगडं सोडत होते आणि मी खालून हात लावून धरलं होतं, आणि डबा जमिनीला टेकला तेव्हा आतून एक आवाज आला. हुंकार नव्हे, नुसता एक लांब श्वास सोडल्यासारखा. आत कोंडलेली हवा असते, सील सुटलं की निघते. हे मी तेव्हाही जाणत होते. आम्ही तो लुगड्यासकट ओढून खळ्यात आणला. गोमानं त्याच्यावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. "गरम हाय," म्हणाला. मीही हात लावला. कोमट होता, तापलेल्या माणसाचं अंग लागतं तसा. गाडी दोन महिने चालली नव्हती आणि इतका वेळ मी तिच्या सावलीत पडून होते. मी म्हणाले, ऊन लागलं असेल. गोमा निरोप घेऊन निघाला, परवा गाडी येईल असं ताईला सांगायला. लुगडं त्यानं नेलं नाही.

मी रॉकेलच्या घमेल्यात एकेक भाग धुतला. खालचं झाकण उघडून दातरी चाकं बोटांनी फिरवली, प्रत्येक दात नखानं चाचपला, बेअरिंगं कानाशी धरून फिरवली. काही नव्हतं. एक दात तुटलेला नाही, एक गोळी खरवडलेली नाही, सगळं लोण्यासारखं फिरत होतं. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट शोध. मोडलेलं मिळालं असतं तर मी आनंदानं नाचले असते. आणि मग मला ताईचे सुजलेले पाय आठवले. मी पडवीत गेले. तिथं डालड्याच्या डब्यात बाबा जुने सुटे भाग टाकून ठेवत. त्यातलं एक बेअरिंग निवडलं, गोळ्या खळखळ वाजणारं, एका बाजूनं फुटलेलं. ट्रान्सफरच्या काळ्या तेलात बुडवलं, पुसलं आणि बाबांच्या पुढ्यात वालांच्या सालांवर ठेवलं. "हे बघा. हे रडत होतं." बाबांनी ते उचललं, हातात तोललं, कानाशी नेऊन फिरवलं. खरखर, खरखर. माझे कान तयार करणाऱ्या माणसापुढं मी खोटं बोलत होते, आणि माझं काळीज इतकं वाजत होतं की तेसुद्धा त्यांना ऐकू येईल असं वाटलं. "हं," ते म्हणाले. "ह्येच." त्या दिवशी आमच्याकडे वालाचं बिरडं झालं आणि बाबा खूप दिवसांनी दोन भाकऱ्या जेवले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मुरबाडला गेले, तेल आणि सील आणलं, नवं बेअरिंग मिळालं, आत बसवलं म्हणून सांगितलं. बसवायला बाबा स्वतः आले. पॅकिंगचा पुठ्ठा त्यांनी कापला, बोल्ट त्यांनी आवळले. पुन्हा झोळी, पुन्हा तेच लुगडं, ह्या वेळी वर ओढायला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताईला आणायला निघालो. चढणीला बाबांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "जोर टाक." मी दांडी ओढली. हुंकार सुरू झाला. बाबा थोडा वेळ कान देऊन बसले, मग त्यांचे खांदे सैल पडले. "गेला बग आवाज," म्हणाले, आणि चक्क शीळ घालू लागले. मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

ताईला मागं गाद्यांवर निजवलं. तिची सासू येणार होती, पण ऐन वेळी तिला ताप भरला, म्हणून मी मागं बसले. ओढ्याशी बाबांनी हात वळवून स्वतःच जोर टाकला. आणि मी ऐकलं. लोखंडाच्या आवाजाच्या खाली, त्याला धरून, एक बाई कण्हत होती. थांबत होती, दम खात होती, पुन्हा कण्हत होती. मी ताईकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते. तो आवाज तिचा नव्हता. मी वाकून कान गाडीच्या तळाशी नेला तर तो लांब गेला, वर आले तर अगदी जवळ, माझ्या आणि ताईच्या मध्ये. मी ताईचा हात घट्ट धरला. "ताई, बोल काहीतरी." "काय बोलू?" "कायपण. बोलत राहा." बिचारी बोलत राहिली, सासूचं, म्हशीचं, पाटल्यांचं. गप्प झाली की मी तिला चिमटा काढायची. "काय झालंय गो तुला, येडी," ती म्हणाली. पुढं बाबा शीळ घालत होते. त्या उतरणीला मी म्हातारी झाले असं मी पोरांना थट्टेनं सांगते, पण थट्टा नाही. घरी न थांबता बाबांनी थेट मुरबाड गाठलं, ताईला दवाखान्यात नेलं, डॉक्टर बाबांवर ओरडला, एवढा उशीर का म्हणून. पण ताई वाचली. मुलगी झाली. तीही वाचली. ती आता स्वतः आजी व्हायला आली आहे.

त्यानंतर बाबांनी ती जीप कित्येक वर्षं चालवली, जोर टाकत. पाड्यांवरून किती बायका आणल्या. मी पुन्हा तिच्यात बसले नाही, काही ना काही निमित्त काढायची, जसं त्यांनी काढलं होतं. मग माझं लग्न झालं, कसाऱ्याच्या रेल्वेमार्गावर आटगावला आले. आता माहेराकडं सिमेंटचा रस्ता आहे, जीप कधीच भंगारात गेली. माझ्या नातवाच्या गाडीत पुढं बसलं की काहीच ऐकू येत नाही, आणि मी त्याला म्हणते, ही कसली रे मुकी गाडी.

बाबा शेवटच्या आजारात माझ्याकडे होते. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत. एका दुपारी कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी चढ घेत होती, इंजिन लांबवर ओढत, हुंकारत. बाबांनी डोळे उघडले. "सुमे, त्ये बेअरिंग भातगिरनीच्या मशीनचं व्हतं," म्हणाले. "मीच टाकलेलं डब्यात. हातात घेतल्याबरोबर समजलं मला." मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. "मग तुम्ही गाडी काढलीत कशी? तुम्हाला ऐकू येत नव्हतं?" ते हसल्यासारखे झाले. "येत व्हतं की. म्हनून तर शीळ घालत व्हतो. तुला ऐकू येऊ नये म्हनून." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन तू ताईला बोलायला लावत बसलीस, तवा समजलं. तुलाबी येतोय."

चाळीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून तोच आवाज लपवत होतो. मालगाडी उंबरमाळी स्टेशनाच्या अंगाला निघून गेली. शेवटी मी विचारलं, "बाबा, मग तो आवाज आला की काय करायचं?" त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ह्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसावं. "तिच्याशी बोलायचं," म्हणाले. "मी सगळ्या वाटंनं बोलायचो. ती घाबरते गो, कुटं आलो ते समजत नाय तिला."

बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुपारी मी घरात एकटी असते. मालगाडी चढाला लागते, हुंकार सुरू होतो, आणि त्याच्या खालून ती येते. मी हातातलं काम ठेवते, खिडकीशी जाते, आणि सांगते, हा ओढा गेला, सोमे. आता धसईचा फाटा. आलं मुरबाड, आलंच.